जोडीची वेळ

आमच्या छापखान्यात एकट्याला काम करता येत नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं कळायला सोपं जाईल.

आम्ही अंध मुलांची शाळेची पुस्तकं छापतो, ब्रेलमध्ये. आधी जस्ताच्या पत्र्यावर यंत्राने टिंबं उठवायची, त्या पत्र्यावरून जाड कागदावर एक नमुना काढायचा आणि मग तो तपासायचा. तपासायला दोघं लागतात. वाचक अंध असतो. तो नमुन्यावरून बोटं फिरवत मोठ्याने वाचतो. त्याच्यासमोर मूळ पुस्तक धरून एक डोळस माणूस बसतो आणि शब्द न् शब्द ताडून बघतो. ओळ बरोबर असली की म्हणायचं 'हं', मग वाचक पुढे सरकतो. चूक असली की 'थांबा'. दिवसभर एवढंच. मी त्यातली पुस्तकवाली. सव्वीस वर्षं मी 'हं' म्हणण्याचा पगार घेतला असं माझी नणंद म्हणते, आणि ते काही खोटं नाही.

माझ्या समोरचे वाचक म्हणजे दादा. पाठीमागे सगळे त्यांना 'रेडिओ' म्हणायचे, कारण त्यांचा आवाज तिसऱ्या खोलीपर्यंत जायचा. त्यांना ते ठाऊक होतं. "रेडिओ बरा, निदान बंद तरी करता येतो. तुम्हाला कोण बंद करणार?" असं ते शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना ऐकवायचे. अंध माणसाविषयी बोलताना लोक उगाच आवाज मऊ करतात. दादांच्या बाबतीत त्याची काही गरज नव्हती. माणूस खडूस होता. शर्टाला कडक इस्त्री लागायची, बुद्धिबळात हरले की दोन दिवस अबोला, आणि त्यांची खुर्ची कुणी वीतभर जरी सरकवली तरी अख्खं खातं डोक्यावर घ्यायचे. थंडीच्या दिवसांत बोटं बधिर होतात, बधिर बोटांना टिंबं लागत नाहीत. म्हणून सकाळी चहाचा पेला दोन्ही हातांत धरून बसायचे. बोटं गरम होईपर्यंत चहा गार व्हायचा, मग तो तोंड वाकडं करून एका घोटात संपवायचे. मनगटावर काच उघडणारं घड्याळ होतं. काच उघडून काटे चाचपायचे आणि टक्कन मिटायचे.

आमच्याकडे जोडी एकदा लागली की मोडत नाहीत. वाचकाच्या बोटांचा वेग आणि पुस्तकवालीच्या डोळ्यांचा वेग जुळायला वर्ष-दीड वर्ष जातं, म्हणून हा शिरस्ता. हजेरीच्या वहीतसुद्धा जोडीला एकच ओळ. दोघं आली तर जोडी हजर. एकजण नाही आला तर दुसऱ्याने दिवसभर काय करायचं, याचं उत्तर त्या वहीत कधीच नव्हतं.

मी लागले तेव्हा चोवीस वर्षांची होते, दादा चौतीसचे. पहिली चार वर्षं दहा ते साडेपाच, सरळ काम. मग मला मुलगी झाली. त्याच सुमाराला कार्यालयाने 'सोयीची वेळ' नावाची योजना आणली. ज्याला घरची अडचण असेल त्याने अर्ज करावा, वेळ बदलून घ्यावी, हवं तर अर्धा दिवस करावा, नोकरीला धक्का लागणार नाही. मला तर देवच पावला. आमच्या घरात सासूबाई नव्हत्या, सासरे होते. त्यांच्या भरवशावर तान्हं मूल टाकून जाणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. मी अर्ज भरला, आठ ते बारा. अर्जाच्या खाली एक ओळ होती: 'जोडीदाराची संमती'.

मी दादांना विचारलं, "दादा, तुमची काही अडचण नाही ना?"

"माझी काय अडचण? मला काटे हाताने चाचपायचे. आठला चाचपले काय नि दहाला चाचपले काय."

मी हसले. त्यांनी सही केली. बारा वाजता मी घरी गेले.

त्यानंतर सोळा वर्षांत ती वेळ मी आणखी तीनदा बदलून घेतली. मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा अकरा ते तीन. सासऱ्यांना अर्धांगवायू झाला तेव्हा नऊ ते एक. त्यांना दुपारी अंथरुणातून उठवून कूस बदलायला दोन माणसं लागत, आणि घरात दुसरं माणूस मीच होते. ते सात वर्षं तसे होते. ते गेले तेव्हा मुलीची दहावी आली, पुन्हा अर्धा दिवस. दर वेळी दादांना तोच प्रश्न आणि दादांचं तेच उत्तर. पुढे पुढे तर मी "दादा..." म्हटलं की तेच म्हणायचे, "हो हो, चाचपतो," आणि सही करून मोकळे. दुपारी काय करता विचारलं तर म्हणायचे, गोदामवाल्या मामांशी बुद्धिबळ. मला वाटायचं, बरं चाललंय माणसाचं. बायको नाही, पोर नाही, धाकट्या भावाच्या घरी राहतात, सुखाने दुपारभर डाव मांडून बसतात. खरं सांगायचं तर मला त्यांचा हेवासुद्धा वाटायचा.

अकरा वर्षांपूर्वी आमचे वाचन विभागाचे प्रमुख निवृत्त झाले. ती खुर्ची दादांची, यात कुणाला शंका नव्हती. विभागातल्या निम्म्या वाचकांना बोटं कशी टेकवायची ते दादांनीच शिकवलेलं. पण नियम निघाला. प्रमुखाची मागची पाच वर्षं सलग पूर्णवेळ सेवा हवी. दादा माझ्या ओळीत होते, आणि माझी ओळ अर्ध्या दिवसाची. बाहेरून एक गृहस्थ आणले, ज्यांना ब्रेलची वरची बाजू कुठली नि खालची कुठली हेही कळत नव्हतं. मी साहेबांच्या खोलीत जाऊन भांडले. योजना तुम्हीच आणता आणि वर त्याचीच शिक्षा करता, लाज नाही वाटत, असंही म्हटलं. दादांपाशी येऊन तावातावाने सगळं सांगितलं. ते म्हणाले, "जाऊ दे गं. खुर्ची कुठलीही असली तरी बूड तेच." मीही मग जाऊ दिलं. मी साहेबांशी भांडले, नियमाशी भांडले, पण ती ओळ कुणी अर्धी केली होती, हा प्रश्न माझ्या मनाला शिवलासुद्धा नाही.

गेली सहा वर्षं मी पुन्हा पूर्णवेळ आहे, म्हणजे आम्ही दोघंही होतो. यंदा ते बाहेरचे गृहस्थ गेले. दादा साठीला टेकले, महिन्यावर निवृत्ती आली, त्यामुळे त्यांचा विचारच नाही. प्रमुखपद मला द्यायचं ठरलं. साहेब म्हणाले, "सव्वीस वर्षांत तुमच्या जोडीच्या पुस्तकाविषयी एकाही शाळेतून तक्रार आलेली नाही. बिनचूक जोडी." मी लाजले वगैरे. घरी येऊन नवऱ्याला दोनदा सांगितलं.

पद हातात यायच्या आधी एक काम माझ्याकडे आलं. गोदाम रिकामं करायचं होतं, आता सगळं संगणकावर जाणार. जुने पत्रे मोडीत घालण्याआधी प्रत्येक पुस्तकाची दुरुस्तीची चिठ्ठी पत्र्यांशी जुळवून बघायची होती. पत्र्यावरची चूक सुधारायची म्हणजे नको असलेलं टिंब लहान हातोडीने ठोकून सपाट करायचं आणि हवं ते हातपंचाने उठवायचं. ठोकलेल्या टिंबाची खूण राहते. उजेडात तिरका धरला की पत्र्यावर बारीक गोल चकाकतो. प्रत्येक दुरुस्ती चिठ्ठीवर लिहिलेली असते, आणि आमच्या चिठ्ठ्या माझ्याच हातच्या.

पहिला पत्रा मी सहज तिरका धरला. भूगोलाचं पुस्तक, पान एकेचाळीस. तीन गोल चकाकले. चिठ्ठीत एकेचाळिसाव्या पानावर काहीच नव्हतं. वाटलं, लिहायचं राहिलं असेल. पुढे गणिताचं पुस्तक काढलं. त्यात अकरा खुणा जास्तीच्या. ते पुस्तक आम्ही तपासलं त्या महिन्यात सासऱ्यांना दुसरा झटका आला होता, मला पक्कं आठवतं. मी खाली बसले आणि एकेक पत्रा काढत गेले. पहिल्या चार वर्षांच्या पुस्तकांत एकही जास्तीची खूण नाही. शेवटच्या सहा वर्षांतही नाही. मधल्या सोळा वर्षांत एकशे बारा.

गोदामवाले मामा दाराशी स्टुलावर बसले होते. मी विचारलं, "मामा, तुम्ही दुपारी दादांशी बुद्धिबळ खेळायचात ना?"

"मला कुठलं येतंय बुद्धिबळ?" मामा म्हणाले. मग माझ्या हातातला पत्रा बघितला.

"सांगा, मामा."

"त्यांनी सांगू नको म्हटलं होतं. पण आता जायचेच आहेत ते." मामांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "तुम्ही गेलात की ते इथे यायचे. तुमचा पास झालेला नमुना घेऊन. मी पुस्तक धरायचो. माझं वाचन म्हणजे अक्षराला अक्षर लावत, तुम्हाला ठाऊक आहे. एका पानाला अर्धा तास जायचा. चूक सापडली की मी पत्रा काढून द्यायचो, ते ठोकायचे. साडेपाचला उठायचे, सहाला घरी."

"रोज?"

"काम असेल तेव्हा. नसलं की नुसते बसून राहायचे, त्या खिडकीपाशी. पण साडेपाचच्या आधी कधी उठले नाहीत."

मी तिथून सरळ वाचनखोलीत गेले. दुपारचे तीन वाजले असतील. दादा आपल्या खुर्चीत होते, खण रिकामा करत होते. मी भूगोलाचा पत्रा त्यांच्या हातात दिला. त्यांचं बोट एकेचाळिसाव्या पानावरच्या त्या तीन जागांवर गेलं आणि थांबलं.

"मामाच्या पोटात तीळ भिजत नाही," ते म्हणाले.

"मला का नाही सांगितलं?" माझा आवाज चढला होता. रडू येत होतं आणि रागही, आणि राग कुणावर काढायचा ते कळत नव्हतं. "माझ्या चुका होत्या ना त्या? मला 'थांबा' म्हणायचं होतं ना?"

"तुझं 'हं' दोन तऱ्हेचं होतं. एक बघून म्हटलेलं. दुसरं घरी जाऊन आलेलं. ते ऐकू आलं की मी नमुन्याच्या कडेला नखाने खूण करून ठेवायचो, दुपारी पुन्हा बघायला."

"मग त्याच वेळी म्हणायचं होतं, पुन्हा बघ!"

"दोनदा म्हटलं होतं. तू रडलीस. मग पुढची दहा पानं तू 'हं' म्हणायलाही भीत होतीस. काम तसं होत नाही." त्यांनी पत्रा मांडीवर आडवा ठेवला. "आणि तुझ्यासाठी केलं असं समजून उगाच गळा काढू नकोस. डोळस पोराच्या पुस्तकात चूक असली तर तो शेजारच्याच्या पुस्तकात डोकावतो. आमच्या पोराला शेजार नसतो. अख्ख्या शाळेत ते पुस्तक एकच. त्यात जे छापलंय तेच त्याला खरं. थोडा माजही होता म्हण माझा. बिनचूक जोडी, बिनचूक जोडी म्हणायचे सगळे, आणि खरं काय ते फक्त मला ठाऊक."

"आणि बाकीचे दिवस? काम नसायचं तेव्हा? घरी का नाही गेलात?"

दादांनी घड्याळाची काच उघडली, काटे चाचपले, पण मिटली नाही.

"घरी सांगितलंच नव्हतं अर्ध्या दिवसाचं. भावजय वाईट नाही माझी. पण सहाला घरी येतो तो माणूस कामावरून आलेला असतो. त्याला पाणी देतात, आज काय झालं विचारतात. एकला येऊन बसलेला आंधळा नुसता बसलेला असतो. मला ते नको होतं."

"सोळा वर्षं, दादा. मी दर वेळी तुम्हाला विचारत होते. तुमची काही अडचण आहे का म्हणून. एकदा तरी म्हणायचं होतं, आहे."

तेव्हा ते चिडले. सव्वीस वर्षांत माझ्यावर एवढे चिडले नव्हते.

"तू विचारायचीस तेव्हा तुझ्या पर्सची चेन लागलेली असायची," ते म्हणाले. "चारही वेळा. आधी चेन सर्रकन ओढल्याचा आवाज, मग खुर्ची मागे सरकल्याचा आवाज, मग 'दादा, तुमची काही अडचण नाही ना'. उभी राहून विचारलंस. उभ्या माणसाला काय सांगायचं?"

खरंच, मी उभीच असायचे. घरी तान्ही पोर होती, अंथरुणात वाट बघणारा म्हातारा होता. माझी गरज खोटी नव्हती, आजही मी ती खोटी म्हणणार नाही. वेळ मला हवीच होती. पण मी ती कार्यालयाकडून घेतेय असं समजत होते आणि घेत होते या माणसाकडून, आणि तो कधी 'थांबा' म्हणाला नाही.

"मी ती खुर्ची घेणार नाही," मी म्हटलं. "साहेबांना आत्ता सांगते."

"सांग. म्हणजे पुन्हा बाहेरून कुणीतरी येईल, ज्याला वरची बाजू कुठली नि खालची कुठली ते कळत नाही. एकदा झालं तेवढं पुरे." मग जरा शांत होऊन म्हणाले, "गाढव आहेस. बस खाली."

मी बसले. साडेपाच वाजेपर्यंत आम्ही दोघं तिथेच होतो.

साहेबांना मी सगळं सांगितलं. त्यांनी डोकं खाजवलं. आता याचं काय करायचं, ते पुढच्या शुक्रवारी जाताहेत, म्हणाले. बरोबरच होतं. अकरा वर्षांपूर्वीची खुर्ची आता कुणी आणून देणार नव्हतं. मी एकच मागून घेतलं. त्या सोळा वर्षांतल्या ज्या ज्या पुस्तकात जास्तीची खूण होती, त्या प्रत्येकाची नवी चिठ्ठी मी आजची तारीख घालून लिहिली. कोणत्या पानावर, कोणती ओळ, आणि 'दुरुस्ती कुणी केली' या रकान्यात दादांचं नाव. 'कुणाच्या मदतीने' असा रकाना नव्हता, तो हाताने आखून मामांचं नाव घातलं. चिठ्ठ्या रीतसर दप्तरात गेल्या.

पण शाईची चिठ्ठी दादांना काय कामाची? म्हणून मी पाटी आणि टोचणी घेतली. मी ब्रेल डोळ्यांनी वाचते, हाताने कधी लिहिलं नव्हतं. पाटीवर उलटं टोचावं लागतं, उजवीकडून डावीकडे, म्हणजे कागद पालटला की सुलटं येतं. चार संध्याकाळी खर्ची पडल्या, पाच ओळी झाल्या. या छापखान्यातील एकशे बारा चुका अमुक यांनी आपल्या वेळेत सुधारल्या, त्या माझ्या होत्या, असं त्यात लिहिलं होतं आणि खाली माझं नाव.

निरोपाच्या दिवशी साहेबांनी भाषण केलं. त्यात एकशे बाराचा आकडा घेतला, मी घ्यायला लावला होता. दादांची भावजय पहिल्या रांगेत बसली होती, तिने पदर डोळ्याला लावला. सगळे चहाला गेल्यावर मी तो कागद दादांच्या हातात दिला. त्यांनी हात पुसले आणि वाचायला घेतलं. मोठ्याने नाही, सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच मनातल्या मनात. बोट शेवटच्या ओळीपर्यंत गेलं, पुन्हा वर आलं, पुन्हा खाली गेलं. मग ते खाकरले.

"तिसऱ्या ओळीत एक टिंब जास्त आहे," ते म्हणाले.

"द्या, ठोकून देते."

"राहू दे." त्यांनी कागद घडी न घालता, टिंबं दबू नयेत अशा बेताने, दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवला आणि पिशवीत सरकवला.

आता त्या खुर्चीत मी आहे. हजेरीच्या वहीत जोडीला दोन ओळी केल्या, एवढं करायला मला तीन महिने आणि साहेबांशी दोन भांडणं लागली. पण जोडीचा शिरस्ता तोच आहे, काम दोघांनीच होतं.

गेल्या आठवड्यात एक तरुण पुस्तकवाली अर्ज घेऊन आली. बाळंतपणाच्या रजेवरून परतलेली. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, ब्लाऊजवर दुधाचा डाग. अर्धा दिवस हवा म्हणाली. मला तिच्या जागी मीच दिसत होते, नाही कसं म्हणणार? अर्जावर जोडीदाराची सही आधीच होती. मी तिला म्हटलं, "मिळेल तुला. फक्त उद्यापर्यंत थांब."

ती गेल्यावर मी वाचनखोलीत गेले. तिची वाचक तिशीची मुलगी आहे, हुशार, बोटांना वेग आहे, पुढेमागे माझ्या खुर्चीत बसेल अशी. एकटीच होती. मी पर्स टेबलाच्या खणात ठेवून आले होते. तिच्या समोरची खुर्ची ओढली, बसले, आणि बसलेय हे तिला ऐकू येईल अशी जरा पुढे सरकवली.

"तुझी सही बघितली मी अर्जावर," मी म्हटलं. "अर्धा दिवस तुझाही जाईल. तुझी काय अडचण होईल?"

"छे, मॅडम, माझी कसली अडचण?" ती लगेच हसून म्हणाली. "मला काय, घरी जाऊन झोपच काढायचीय."

मी हसले नाही. उठलेही नाही. बाहेर यंत्र चालू होतं, पत्र्यावर टिंबं पडत होती. ती माझ्या उठण्याची वाट बघत होती, मान जराशी तिरकी करून. यंत्र थांबलं, पुन्हा सुरू झालं. तिने समोरचा नमुना उगाच सारखा केला. तिचं हसू हळूहळू गेलं.

"खरं सांगू का, मॅडम?" ती म्हणाली.